शिष्यवृत्तीने माणूस घडतो, की घडणाराच शिष्यवृत्ती मिळवतो?

गेल्या सुट्टीत गावी, आचऱ्याला गेलो होतो. संध्याकाळी पिरावाडीच्या किनाऱ्यावर शाळेतला एक जुना मित्र भेटला. जाळ्याची भोकं सांधत बसला होता. आम्ही दोघं आठवीत एका बाकावर बसायचो. एनएमएमएसची परीक्षाही एकत्रच दिली. मला शिष्यवृत्ती मिळाली, त्याची तीन गुणांनी हुकली. बारावीनंतर तो वडिलांबरोबर होडीवर जायला लागला, मी एम.एस्सी. करून आता पीएच.डी. करतोय, आणि तीही शिक्षणाच्या आकडेवारीवर.

मी त्याला माझ्या कामाबद्दल सांगत होतो. गरीब घरातल्या मुलांना शिष्यवृत्ती दिली तर पुढे त्यांच्यातून समाजाचं नेतृत्व करणारी माणसं तयार होतात का, वगैरे. त्याने सुई थांबवली आणि विचारलं, "माका एक सांग. तू हुशार होतस म्हणान तुका स्कॉलरशिप गावली, की स्कॉलरशिप गावली म्हणान तू हुशार झालस?"

माझ्या संशोधन-आराखड्याची पहिली दहा पानं ज्या प्रश्नावर खर्च झाली आहेत, तो त्याने एका वाक्यात विचारला होता. आजची पोस्ट त्या प्रश्नावर आहे. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताय किंवा पहिला आराखडा लिहिताय, त्यांना हा प्रश्न कुठल्याही विषयात भेटणारच.

भिंतीवरचे फोटो

कुठल्याही जुन्या वसतिगृहात जा. कार्यालयाच्या भिंतीवर फोटो असतात. हे आमचे विद्यार्थी, पुढे कलेक्टर झाले. हे आमदार. हे कुलगुरू. फोटो खरे असतात, माणसंही खरी. पण त्यावरून "वसतिगृहामुळे ते घडले" असं म्हणता येतं का?

दोन अडचणी आहेत. एक, ज्यांचं काही झालं नाही त्यांचे फोटो भिंतीवर नसतात. त्याच खोलीत राहून, तीच भाकरी खाऊन, नववीत शाळा सोडून गेलेला मुलगा आपल्या हिशोबातच येत नाही. संशोधनाच्या भाषेत याला टिकून राहिलेल्यांचा पूर्वग्रह म्हणतात. दुसरी अडचण जास्त चिवट आहे. वसतिगृहात प्रवेश मिळालेली मुलं मुळातच वेगळी असू शकतात. आईबापांची जिद्द, गुरुजींचं लक्ष, मुलाची स्वतःची धडपड, यातलं काहीतरी आधीपासून होतं म्हणूनच ती तिथपर्यंत पोचली. हा निवडीचा पूर्वग्रह. माझ्या मित्राने विचारला तो नेमका हाच.

मग आपल्याला हवं काय? तोच मुलगा, तेच घर, तेच वर्ष, फक्त शिष्यवृत्ती नाही, असं दुसरं आयुष्य बघायला हवं. ते कधीच दिसत नाही. सगळी संशोधन-पद्धती म्हणजे या न दिसणाऱ्या आयुष्याचा प्रामाणिक पर्याय शोधण्याची खटपट आहे.

आचऱ्याच्या वाचकांसाठी घरचं उदाहरण देतो. आपल्याकडे दर काही वर्षांनी रामेश्वराच्या कौलाने गावपळण होते. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळे तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवू, तो माझ्या विषयाचा नाही. पण समजा कुणाला अभ्यासायचं असेल की या तीन दिवसांच्या मोकळ्या हवेने तब्येत सुधारते का, तर पंचाईत होईल. सगळंच गाव बाहेर पडलं, मागे कुणी राहिलंच नाही, मग तुलना कुणाशी करणार? शेजारच्या गावाशी करावी तर ते गाव वेगळं. आधीच्या आठवड्याशी करावी तर हवामान बदललेलं. नियंत्रण गट नसणं म्हणजे काय, हे मी यावरूनच समजून घेतलं.

भाऊरावांचं काम आणि आपली मर्यादा

महाराष्ट्रात हा विषय निघाला की कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव येतंच. विद्यार्थी म्हणून ते स्वतः कोल्हापुरात राहिले. शाहू महाराजांनी तिथे वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची चळवळच उभी केली होती. पुढे १९१९ साली भाऊरावांनी कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये काम साताऱ्याला आलं. तिथे त्यांनी सगळ्या जातीधर्मांच्या मुलांना एका छपराखाली ठेवलं, एका पंगतीला बसवलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. पैसे कमी पडले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, मोडलं. मुलं शेतात राबायची, स्वयंपाक करायची आणि शिकायची. "कमवा आणि शिका" हा शब्दप्रयोग आज विद्यापीठांच्या योजनांमध्ये आहे, त्याचं मूळ इथे. आज संस्थेच्या शेकडो शाळा आणि चाळीसच्या आसपास महाविद्यालयं आहेत.

यातून पुढे आलेल्या माणसांची यादी लांब आहे. पण संशोधक म्हणून मला कबूल करावं लागतं की "भाऊरावांचं बोर्डिंग नसतं तर यातले किती जण तरीही शिकले असते?" याचं आकड्यात उत्तर देता येत नाही. त्या काळात प्रवेश नाकारलेल्या मुलांची नोंदवही हाती असती, तर काहीतरी करता आलं असतं.

पण याचा अर्थ काम निष्फळ असा होत नाही, आणि नवीन विद्यार्थी इथेच घसरतात. "पुरावा नाही" आणि "परिणाम नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. शिवाय ज्या गावात हायस्कूलच नव्हतं, घरात खायला नव्हतं आणि जातीमुळे वर्गात बसायची चोरी होती, तिथे वसतिगृहाशिवाय ती मुलं शिकली असती असं मानायलाही पुरावा लागेल. परिस्थितीचं वर्णन हा पुरावाच असतो, फक्त त्याला टक्केवारी लावता येत नाही.

घाना: पैसे कमी असले की चिठ्ठ्या टाका

आता जिथे मोजता आलं ते बघू. हा प्रश्न आफ्रिकेत जितक्या काळजीने तपासला गेला, तितका क्वचितच कुठे तपासला गेला असेल.

घानामध्ये २००८ साली उच्च माध्यमिक शाळेला फी होती. परीक्षा पास झालेली, शाळा मिळालेली, पण पैशाअभावी नाव न घातलेली २,०६४ मुलं-मुली संशोधकांनी गाठली. एस्थर डुफ्लो, पास्कलिन दुपा आणि मायकल क्रेमर ही ती मंडळी. यातल्या डुफ्लो आणि क्रेमर यांना पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जींबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. २,०६४ पैकी ६८२ जणांना पूर्ण शिष्यवृत्ती दिली गेली. हे ६८२ कोण, हे सोडतीने ठरलं.

सोडत का, हे नीट समजून घ्या. कौलाला जसं कुणाचा मुलगा, कुणाची शिफारस हे कळत नाही, तसंच चिठ्ठीलाही कळत नाही. त्यामुळे दोन्ही गटांत हुशारी, जिद्द, घरची गरिबी सरासरीने सारखीच वाटली जाते, अगदी जे आपल्याला मोजता येत नाही तेसुद्धा. मग पुढे गटांमध्ये जो फरक दिसेल, तो शिष्यवृत्तीचा. निवडीचा पूर्वग्रह मुळातूनच कापला जातो.

"काहींना द्यायची, काहींना नाही, हा अन्याय नाही का?" हा प्रश्न तुम्हाला मुलाखतीत हमखास येईल. पैसे सगळ्यांना पुरणार असतील तर सोडत अन्यायकारकच आहे. पण पैसे ६८२ जणांपुरतेच असतील, तर ओळखीने वाटण्यापेक्षा सोडत जास्त न्याय्य.

त्या मुलांचा माग पुढे बारा वर्षं आणि त्याहूनही जास्त काळ ठेवला गेला. शिष्यवृत्ती मिळालेल्यांपैकी बरेच जास्त जण शाळा पूर्ण करून बाहेर पडले. मुलींची लग्नं आणि बाळंतपणं लांबली, मुलं कमी झाली. पुढे त्यांच्या मुलांमध्येही चांगले परिणाम दिसले. पण एक गोष्ट भिंतीवरच्या फोटोंत कधीच दिसली नसती. शिष्यवृत्ती न मिळालेल्यांपैकीही बऱ्याच जणांनी उसनवारी करून, एक-दोन वर्षं काम करून, उशिरा का होईना शाळा गाठली. म्हणजे शिष्यवृत्ती मिळून शिकलेला प्रत्येक जण शिष्यवृत्तीमुळेच शिकला असं नाही. श्रेय वजाबाकी करून घ्यायचं असतं.

केनिया: कटऑफची रेघ

प्रत्येक वेळी सोडत टाकता येत नाही. आपल्याकडे नवोदय असो वा एनएमएमएस, निवड गुणांवर होते. मग काय करायचं?

इथे माझा मित्र आणि मी पुन्हा उपयोगी पडतो. एनएमएमएसची योजना २००८ पासून चालू आहे. आठवीत परीक्षा, पालकांच्या उत्पन्नाला मर्यादा, बुद्धिमत्ता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर. आमच्या वेळी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, २०१७ पासून १,००० मिळतात, नववी ते बारावी. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ मुलांचा आहे आणि निवड यादी जिल्हा आणि प्रवर्गानुसार लागते. म्हणजे प्रत्येक यादीला एक रेघ असते. रेघेच्या वर सगळं, खाली काही नाही.

आता रेघेच्या खूप वर असलेला आणि खूप खाली असलेला मुलगा यांची तुलना निरर्थक आहे. पण तीन गुण वर आणि तीन गुण खाली? त्या दिवशी ताप आला, एक गोल चुकीचा रंगवला, एक अंदाज बरोबर लागला, एवढाच फरक. रेघेच्या अगदी जवळ नशिबाने जवळजवळ सोडतच टाकलेली असते. दोन्ही बाजूंच्या मुलांचं पुढे काय झालं ते बघायचं आणि रेघेपाशी आलेखात उडी आहे का ते तपासायचं. या पद्धतीचं इंग्रजी नाव रिग्रेशन डिसकंटिन्युइटी. नाव अवघड आहे, कल्पना सोपी.

केनियात सरकारी "राष्ट्रीय शाळा" म्हणजे तिथल्या सगळ्यात नामांकित शाळा. तेव्हा तिथे आठवीच्या परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळायचा. देशाचे मोठे नेते, अधिकारी तिथूनच येतात असा लौकिक. एड्रिएन लुकास आणि आयझॅक एम्बिटी यांनी २०१४ साली हीच पद्धत तिथे लावली. रेघेच्या थोडं वर असलेली मुलं चांगल्या शाळेत, हुशार सोबत्यांबरोबर, चांगल्या सोयींत गेली. चार वर्षांनी बारावीच्या तोडीच्या परीक्षेत उडी किती दिसली? जवळजवळ नाहीच. शाळेचा निकाल उत्तम होता, कारण तिथे उत्तम मुलं घेतली जात होती.

हा निष्कर्ष कुठे लागू होतो आणि कुठे नाही, तेही लिहून ठेवा. एक, तो रेघेजवळच्या मुलांबद्दल आहे. खूप खालच्या मुलाला ती शाळा मिळाली असती तर काय झालं असतं, हे यातून कळत नाही. दोन, तुलना "चांगली शाळा विरुद्ध बरी शाळा" अशी आहे, घानात ती "शाळा विरुद्ध शाळा नाही" अशी होती. दोन्ही अभ्यास खरे असू शकतात. दार बंद असेल तर उघडून दिल्याने खूप फरक पडतो, उघड्या दारातून जास्त पॉश खोलीत नेल्याने तेवढा पडत नाही. तीन, मोजले ते परीक्षेचे गुण. ओळखी, आत्मविश्वास, चारचौघांत उभं राहून बोलणं हे मोजलं नाही.

पण "नेता" मोजायचा कसा?

मी माझ्या आराखड्यात सुरुवातीला "भावी नेतृत्व" असा शब्द झोकात लिहिला होता. मार्गदर्शक बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली आणि विचारलं, "हा शब्द कुठल्या स्तंभात भरणार?" तेव्हा मी हा हिशोब करून पाहिला.

समजा गरीब घरातल्या हजार मुलांपैकी एक जण मोठा नेता होतो. आणि समजा शिष्यवृत्तीने ही शक्यता खरोखरच दुप्पट होते. घानाचे आकडे घेऊ. शिष्यवृत्तीच्या ६८२ जणांत अपेक्षित नेते सुमारे १.३६. न मिळालेल्या १,३८२ जणांत सुमारे १.३८. म्हणजे परिणाम दुप्पट असूनही दोन्हीकडे एकेक फोटो दिसेल. शिवाय शिष्यवृत्तीच्या गटात एकही नेता न निघण्याची शक्यता चारात एक! दुर्मीळ गोष्ट छोट्या नमुन्यात पकडता येत नाही. त्यामुळे "आमच्या ५० मुलांतून किती नेते झाले" असा तक्ता कुणी दाखवला, तर आकडा मोठा असो की शून्य, त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही.

मग संशोधक काय करतात? शिखर मोजण्याऐवजी पायऱ्या मोजतात. केनियाच्या बुसिया भागात मुलींसाठी गुणवत्ता शिष्यवृत्ती होती आणि ती कुठल्या शाळांत द्यायची हे सोडतीने ठरलं होतं. काही वर्षांनी त्या मुलींना विचारलं, नवऱ्याने मारणं बरोबर आहे का? सत्तेवरचा माणूस म्हणतो ते ऐकलंच पाहिजे का? शिष्यवृत्तीच्या शाळांतल्या मुली "नाही" म्हणण्याकडे जास्त झुकल्या. राजकारणाची माहितीही त्यांना जास्त होती. पण मतदान किंवा गावच्या कामातला सहभाग वाढलेला दिसला नाही. प्रश्न विचारायची हिंमत आली, मैदानात उतरायची वाट मात्र आपोआप उघडली नाही. निकाल असा अर्धा-अर्धा निघतो, तेव्हा तो अर्धा-अर्धाच सांगायचा.

दुसरा अभ्यास बेनिनचा, लेओनार्द वांचेकाँ आणि सहकाऱ्यांचा, २०१५ सालचा. वसाहतकाळात तिथे पहिल्या शाळा मोजक्या गावांत निघाल्या. जवळच्या तशाच गावांत निघाल्या नाहीत. त्या पहिल्या विद्यार्थ्यांचं आणि त्यांच्या पुढच्या पिढीचं काय झालं, हे त्यांनी शोधलं. शिकलेल्यांचं राहणीमान सुधारलं, ते राजकीय पक्षांत आणि प्रचारात उतरले, हे झालंच. पण त्यांच्या न शिकलेल्या भावंडांची मुलंही जास्त शिकली. एक काका शिकला की सगळ्या घराच्या नजरेची उंची बदलते. कोकणात ज्यांचा एखादा काका मुंबईला गिरणीत किंवा पोस्टात होता, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्या देशातलं उदाहरणही आहे. पश्चिम बंगालमध्ये सरपंचपद महिलांसाठी कुठे राखीव हे आळीपाळीने ठरतं. ४९५ गावांच्या अभ्यासात दिसलं की दोनदा महिला सरपंच मिळालेल्या गावांत मुलींच्या स्वतःच्या आकांक्षा वाढल्या आणि शिक्षणातली मुला-मुलींची दरी मिटली. म्हणजे नुसत्या शिक्षणातून नेतृत्व असं नाही, नेतृत्वातूनही शिक्षण येतं. बाण दोन्हीकडे जातो, आणि आराखड्यात एकच बाण काढला असेल तर त्याचं कारण द्यावं लागतं.

एकच माणूस असेल तर?

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांनीच पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं केलं. या एका शिष्यवृत्तीचा "सरासरी परिणाम" काढणं हास्यास्पद होईल. इथे नियंत्रण गट नाही, आणि नकोही. अशा ठिकाणी कागदपत्रं, पत्रव्यवहार, घटनाक्रम बघून "हे असं कसं घडलं" याची साखळी जोडायची. ती वेगळी पद्धत आहे, कमी दर्जाची नाही. "साधारणपणे काय होतं" यासाठी सोडत आणि रेघ, "हे कसं घडलं" यासाठी इतिहास. प्रश्न कुठला आहे ते आधी ठरवा, साधन नंतर उचला.

आराखडा लिहिताना स्वतःला विचारा

१. मी ज्यांच्याकडे बघतोय ते निवडले कसे गेले? निवडीची पद्धत कळली नाही तर विश्लेषण सुरूच करू नका.

२. गळालेले कुठे आहेत? यशस्वी माणसांच्या दहा मुलाखती घेण्यापेक्षा यादीतून सुटलेला एक जण शोधणं जास्त शिकवतं.

३. तुलना कशाशी आहे, शाळा नसण्याशी की साध्या शाळेशी?

४. जे मोजतोय ते माझ्या शब्दाच्या किती जवळ आहे? "नेतृत्व" लिहून दहावीचे गुण मोजत असाल तर शीर्षक बदला.

५. परिणाम एकट्या मुलात शोधायचा की घरात, वाडीत, पुढच्या पिढीत?

किनाऱ्यावर परत

मित्राला मी यातलं थोडंफार सांगितलं. म्हटलं, "आपल्या दोघांवरून काहीच सिद्ध होत नाही. दोन माणसांचा नमुना." तो हसला. म्हणाला, "सिद्ध करू नको. माझी पुतणी आठवीत आसा. तिका बसवू काय परीक्षेक?"

मी गप्प झालो, कारण इतका वेळ मी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होतो. सरासरी परिणाम शून्य निघो की मोठा, त्या मुलीने अर्ज भरावा की नाही याचं उत्तर बदलत नाही. महिन्याला हजार म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा पुस्तकं, एसटीचा पास आणि क्लासची फी यातून सुटते. आणि हुकली तरी तयारी वाया जात नाही. योजना चालवायची की नाही हा सरकारचा प्रश्न, त्यासाठी माझे आलेख. परीक्षेला बसायचं की नाही हा तिचा प्रश्न, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला.

"बसव," म्हटलं.

सोमवारी तो, मी आणि त्याची पुतणी असे तिघे मालवणला दाखल्यासाठी गेलो. एसटीत तिने मला विचारलं, "काका, तुम्ही नक्की काय करता?" आराखड्याचा सारांश सोप्या भाषेत सांगायचा सराव करायचा असेल, तर असा श्रोता शोधा. आचरा ते मालवण एवढ्या अंतरात तो सांगून झाला नाही, तर आराखडा अजून तयार नाही. माझा त्या दिवशी झाला नाही.